ऑक्टाव्हिया आरएस: रिमॅपनंतर क्लच घसरतोय, कुठला टाकावा?

आरएस_वेडा (पुणे)

राम राम मंडळी,

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. आपल्याकडे आलेली, १.८ लिटर २० व्हॉल्व्ह टर्बोवाली. कारखान्यातून १५० पीएस आणि २१० एनएम. आता मोठा इंटरकूलर, ३ इंची डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप) आणि रिमॅप (इंजिनच्या संगणकातलं ट्यूनिंग) झालाय. टर्बो मूळचाच. डायनोवर (जोर मोजायच्या रोलरवर) चाकांपाशी २६२ एनएम टॉर्क दिसला, ते २९०० आरपीएमला. बायको हल्ली गाडीत बसली की आधी वरचं हँडल धरते, मग सीटबेल्ट लावते.

आता रडगाणं. चौथ्या किंवा पाचव्या गिअरला पूर्ण दाबली की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी आहे तिथेच. दुसऱ्या-तिसऱ्याला काही जाणवत नाही. शहरात तर लोणी. क्लच बहुधा आधीच्या मालकाच्या काळातला आहे.

समोर तीन पर्याय आलेत:

१. जसा होता तसाच. म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं दोन चकत्यांचं जड चाक, पुढे डीएमएफ) आणि मूळचं क्लच किट. यातलं फ्लायव्हीलच सगळा खिसा रिकामा करतंय.
२. डीएमएफ काढून सिंगल मास (एकाच चकतीचं) फ्लायव्हील आणि त्यावर व्हीआर६ चा (फोक्सवॅगनच्या सहा सिलिंडर इंजिनाचा) क्लच.
३. सहा पाकळ्यांची सिरॅमिक प्लेट आणि 'स्टेज ३' प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती). गॅरेजवाला यावर अडून बसलाय. "एकदाच टाका साहेब, ४०० एनएमपर्यंत बघायला नको."

वापर: रोज हिंजवडी, रविवारी ताम्हिणी, कधीतरी अँबी व्हॅलीची धावपट्टी. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोल्हापुरी टर्बो

भावा, तीन नंबर. विषय संपला. माझ्या ऑटोक्रॉसच्या एस्टीमला चार पाकळ्यांची आहे. पायडल सोडला की गाडी सुटली. घसरणं वगैरे भानगडच नाही. नाद खुळा.

खटपट्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मनीमाऊ (ठाणे)

कोल्हापुरी, ती एस्टीम संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवरून नेऊन दाखवा, मग विषय संपवा.

माझी लिनिया टी-जेट आहे, रोजची गाडी. ट्यून केल्यावर जड प्रेशर प्लेट टाकून घेतली होती, प्लेट मात्र साधी ऑरगॅनिकच, नेहमीच्या गाड्यांना असते तशी. गाडी घसरायची थांबली, गुडघा सुरू झाला. माजिवड्यापासून कापूरबावडीपर्यंत पहिला गिअर, हाफ क्लच, न्यूट्रल, पुन्हा पहिला. घरी पोचेपर्यंत डावी मांडी वेगळी आणि उजवी वेगळी. आणि ही साधी प्लेट होती हं. सिरॅमिकला तर हाफ क्लच नावाची गोष्टच जेमतेम असते. एकतर सुटलेला किंवा पकडलेला. हिंजवडीच्या चौकात दर दोन मिनिटांनी गाडीला उचकी लागली की मागचे रिक्षावाले काय बोलतील ते इथे लिहिता येणार नाही.

तेलकट हात (नाशिक)

धागाकर्ते, कुठला क्लच टाकायचा ते नंतर बघू. आधी खरंच क्लच घसरतोय का आणि कशामुळे, ते ठरवा. लॉग काढलाय का? गाडीला लॅपटॉपची केबल लावा, आरपीएम आणि वेग दोन्ही नोंदवा. मोकळा रस्ता बघून चौथ्याला २२०० वरून पूर्ण थ्रॉटल. सोबत कुणालातरी बसवा, लॅपटॉपकडे बघत गाडी चालवू नका.

दुसरं, गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्याखाली हात फिरवून बघा. तिथे तेल आहे का? क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर प्लेटवर तेल जातं आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. अशा गाडीला कितीही जड क्लच टाकला तरी काही महिन्यांत पुन्हा तेच.

आरएस_वेडा

काका, काल रात्री लॉग काढला. खाली कोरडं आहे, तेल नाही. दोन ओळी देतो:

चौथा गिअर, ३००० आरपीएम, ८६ किमी.
लगेच पुढे, ३६०० आरपीएम, ९० किमी.

त्यानंतर ४५०० च्या पुढे हळूहळू पुन्हा पकड येते. जळका वास पण आला.

तेलकट हात

मग शंका नको. त्याच गिअरला ८६ ला ३००० असेल तर ९० ला ३१४० च्या आसपास हवेत. तुमचे ३६००. म्हणजे फ्लायव्हील प्लेटपेक्षा ४६० आरपीएम जास्त फिरतंय आणि मधला सगळा जोर घासून उष्णता होतोय. हिशोब करून बघा. प्लेट त्या वेळी २८० एनएम पुढे देतेय असं धरलं तर ४६० आरपीएमच्या घसरणीत साडेतेरा किलोवॅट उष्णता तयार होते. बाथरूममधले दोन किलोवॅटचे जवळपास सात गीझर, एका ताटलीएवढ्या जागेत. वास येणारच.

वरच्या गिअरला घसरतो आणि खालच्या नाही, याचं कारण सोपं आहे. खालच्या गिअरला गाडी पटकन पुढे निघते, इंजिन कमाल टॉर्कच्या पट्ट्यातून क्षणात पार होतं. वरच्या गिअरला त्याच पट्ट्यात दोन-तीन सेकंद अडकून राहतं, टर्बोला पूर्ण दाब बनवायला सवड मिळते. आणि ४५०० नंतर पकड येते कारण तोवर टॉर्क उतरायला लागलेला असतो. पॉवर वाढत असते, पण क्लचला पॉवरशी घेणं-देणं नाही. त्याला फक्त टॉर्क कळतो. म्हणून कुणी "ही किट २५० बीएचपीची आहे" म्हणालं तर त्याला विचारायचं, किती एनएम?

आता क्लच किती झेपवतो त्याचं गणित. चार गोष्टींचा गुणाकार: घासणारे पृष्ठभाग (एका प्लेटला दोन), घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. तुमच्या गाडीला बसेल ती प्लेट २२८ मिमीची, सरासरी त्रिज्या धरा ९५ मिमी. ऑरगॅनिकचा गुणांक धरा ०.३.

तुमचे २६२ एनएम चाकांपाशी आहेत. क्लच चाकांपाशी नसतो, इंजिनला चिकटून असतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली गळती मिळवली की इंजिनपाशी ३०० च्या घरात धरायला हवेत. किट घेताना हा आकडा सांगा, डायनोच्या कागदावरचा नको. ३०० ला प्रेशर प्लेटचा दाब लागतो ५२६० न्यूटन, म्हणजे सुमारे ५३७ किलो. वर २० टक्के सवड ठेवून ३६० एनएम धरले तर सुमारे ६४४ किलो.

सवड का? प्लेट तापली की गुणांक उतरतो. ०.३ चा समजा ०.२२ झाला, तर ३६० चा क्लच २६४ चा होऊन बसतो. खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे रांगत गेलात आणि वर पोचल्या पोचल्या दाबलीत, तर नेमकं हेच होतं.

कोल्हापुरी टर्बो

काका दंडवत. पण मग तुमच्याच गणितानं सिरॅमिक जिंकतंय की. गुणांक ०.४ धरला तर ३६० एनएमला ४८३ किलोच दाब लागतो. म्हणजे पायडल उलट हलका. मनीमाऊताईंचा गुडघा पण वाचला.

तेलकट हात

बरोबर पकडलंत. आणि अजून एक मुद्दा तुमच्या बाजूनं सांगतो. त्या गणितात प्लेटचं क्षेत्रफळ कुठेच नाही. लोक म्हणतात सहा पाकळ्यांची प्लेट म्हणजे अर्धी जागा मोकळी, पकड कमी. तसं नसतं. टॉर्क दाब, गुणांक आणि त्रिज्येवर ठरतो. क्षेत्रफळ कमी असलं की झीज आणि तापणं त्या थोड्या जागेत एकवटतं, एवढंच. सिरॅमिक ते सहन करतं. तापल्यावर ते ऑरगॅनिकसारखं ढेपाळतही नाही.

मग अडतं कुठे? सुटताना. ऑरगॅनिक हळूहळू पकड घेतं, सिरॅमिक झटक्यात. गाडी निघताना थरथरते, रिव्हर्समध्ये चढावर तर जास्तच. सोसायटीच्या बेसमेंटमधून रिव्हर्सने रॅम्प चढवायचा असेल तर अख्ख्या इमारतीला कळतं. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही ते लवकर खातं. एस्टीमला हे चालतं कारण ती ट्रेलरवरून जाते, एका फेरीत दोनदा क्लच लागतो आणि ट्रेलरवरून परत येते. शिवाय गाडी हलकी.

वऱ्हाडी गडी

हे तर आमच्या ट्रॅक्टरची बटण प्लेट झाली बाप्पा! तिथं बी शिरॅमिकचीच बटणं राहतात. नांगरटीले एकदम मस्त, पण लग्नाच्या वरातीत ट्रॅक्टर चालवून पाहा, नवरदेव ट्रॉलीतून खाली पडते.

माझा पण एक प्रश्न घ्या. पोलो जीटी टीडीआय आहे, मूळचे २५० एनएम, ट्यूनवाला म्हणते ३०० च्या वर जाईल. मले बी क्लच लागंल का?

तेलकट हात

वऱ्हाडी भाऊ, लागेल असं धरूनच चाला. डिझेलचा टॉर्क १८००-२००० लाच येऊन उभा राहतो, म्हणजे तुम्ही साधं पाचव्याला ओव्हरटेक करायला दाबलंत तरी क्लच कमाल जोराखाली. पेट्रोलवाल्याला निदान तिथे पोचावं लागतं. आधी ट्यून करा, लॉग बघा, घसरला तरच खर्च करा. आणि १५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण दाबायची सवय असेल तर ती सोडा. क्लच वाचेल, डीएमएफ असेल तर तेही.

श्टुटगार्टकर

उशिरा येतोय, पण हा विषय जिव्हाळ्याचा. इकडे गोल्फ ४ आणि जुन्या ऑक्टाव्हियावाल्यांची ही रोजची चर्चा असते.

पर्याय दोनमधल्या फ्लायव्हीलचं नाव नीट विचारून घ्या. बहुतेक ते जी६० चं असेल. कोराडो जी६० ही ८०-९० च्या दशकातली सुपरचार्जरवाली गाडी, तिचं सिंगल मास फ्लायव्हील २२८ मिमी क्लचसाठी बनवलेलं आहे. १.८ टर्बोच्या क्रँकला ते बसतं. त्यावर गोल्फ ३ व्हीआर६ चा क्लच, म्हणजे २.८ लिटर सहा सिलिंडरचा. तुमचा ०२जे गिअरबॉक्स आणि त्या गाड्यांचा ०२ए, दोघांचे इनपुट शाफ्टचे खाचे सारखे. म्हणून सगळं मूळचाच भाग असल्यासारखं बसतं, लेथवर काही कापाकापी नाही. स्टेज २ पर्यंतच्या (टर्बो मूळचाच, रिमॅप आणि एक्झॉस्ट बदललेल्या) गाड्यांना इकडे वर्षानुवर्षं हीच जोडी टाकतात. पुढे मोठा टर्बो आला तर त्याच प्लेटवर साक्सची जड प्रेशर प्लेट बसते. साक्स म्हणजे श्वाइनफुर्टची कंपनी, आता झेडएफकडे आहे.

आता डीएमएफबद्दल. लुक (LuK) या जर्मन कंपनीने १९८५ साली ते पहिल्यांदा मोठ्या उत्पादनात आणलं. दोन चकत्या आणि मधे लांब कमानीच्या स्प्रिंगा. इंजिनच्या प्रत्येक स्फोटाला क्रँक जो हिसका देतो तो या स्प्रिंगा गिळतात, गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. सिंगल मास टाकलं की हे काम क्लच प्लेटच्या हबमधल्या छोट्या स्प्रिंगांवर येतं आणि त्यांना फिरायला जागा फार थोडी असते. म्हणून न्यूट्रलमध्ये, पाय काढल्यावर, खडखड ऐकू येते. पायडल दाबला की गप्प. सगळे घाबरून गिअरबॉक्स फुटला म्हणून फोन करतात. फुटलेला नसतो. रिकामे फिरणारे गिअर एकमेकांवर आपटत असतात.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, हबमध्ये स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्या. कडक हबची प्लेट आणि सिंगल मास ही जोडी रोजच्या गाडीला देऊ नका, गिअरबॉक्सला सगळे हिसके थेट जातात. दोन, फार हलकं ॲल्युमिनियम फ्लायव्हील घेऊ नका. जी६० चं साधारण ८ किलोचं आहे, तेवढं रस्त्यावर बरं पडतं. त्याहून हलकं घेतलंत की ट्रॅफिकमध्ये गाडी सारखी बंद पडेल आणि खडखडही वाढेल.

नकाशेवाला

मी ट्यूनिंग करतो, म्हणून वेगळ्या बाजूनं बोलतो. २९०० ला ३०० एनएम म्हणजे त्या क्षणी १२४ पीएस. तेच ५५०० ला २४० एनएम असतील तर १८८ पीएस. गाडी कुठे जास्त जोरात आहे? वर. क्लच कुठे मरतोय? खाली. बरेच ट्यूनर खाली मोठा टॉर्क देतात कारण चाचणीला नेल्यावर गिऱ्हाईक पाठीत धक्का बसला की खूश होतं.

तुमच्या ट्यूनरला सांगा, २५०० ते ३५०० मधला बूस्ट (टर्बोचा दाब) थोडा उतरव आणि सुरुवातीचा बूस्टचा उसळा काढ. तो उसळा क्षणभराचा असतो, पण प्लेट एकदा सुटली की घासताना पुन्हा पकड घ्यायला वेळ लावते. टॉर्क २७० वर आणला तरी कमाल पॉवर तशीच राहील. क्लच येईपर्यंत निदान गाडी चालवता येईल. आणि रिमॅप ९७-९९ ऑक्टेनवर केला असेल तर साधं पेट्रोल भरून दाबू नका. तो वेगळा धागा होईल.

आरएस_वेडा

नकाशेवाला, हे करून घेतो. तात्पुरतं म्हणून तरी.

काका, श्टुटगार्टकर, मग तीन नंबर कटाप. दोन नंबरवर जाऊ? की 'एकदाच' म्हणून साक्सची जड प्लेट आताच टाकू? उद्या के०४ (मूळच्यापेक्षा मोठा) टर्बो बसवायची इच्छा आहे. इच्छा म्हणजे, बायकोला अजून सांगितलेली नाही.

तेलकट हात

उद्याच्या टर्बोसाठी आजचा क्लच घेऊ नका. तीन कारणं, त्यातलं शेवटचं महत्त्वाचं.

जड प्रेशर प्लेट म्हणजे जड पायडल, हे मनीमाऊताईंनी सांगितलंच. पण तो जोर नुसता गुडघ्यावर जात नाही. रिलीज बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवरही जातो. सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून पायडल दाबून बसायची सवय असेल तर थ्रस्ट वॉशर झिजतात. क्रँक पुढे-मागे सरकायला लागला की मग क्लचचा विषय राहत नाही, इंजिनच उघडावं लागतं.

दुसरं कारण पैसे. ते तुमचं तुम्ही बघा.

तिसरं. ०२जे गिअरबॉक्सला फोक्सवॅगन घराण्यात एमक्यू२५० म्हणतात, त्यातला २५० हा एनएमचाच आकडा. तुम्ही आधीच ३०० वर आहात. या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचा मोठा गिअर रिव्हेट मारून बसवलेला असतो. जोरात लाँच केलं, टायरची पकड सुटून पुन्हा बसली, की तो झटका त्या रिव्हेटांवर येतो. एखादं रिव्हेट तुटलं की ते आत फिरतं आणि केसिंग फोडून बाहेर येतं. असा एक गिअरबॉक्स माझ्या बाकावर आला होता. खालच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक, तेल सगळं रस्त्यावर, आतली दातांची चकती डगडग हलत होती. मालक म्हणाला, "फक्त ड्रॅगला एकदा सोडली." त्याचा क्लच अगदी ठणठणीत होता. सहा पाकळ्यांचा.

तुमचा घसरणारा क्लच सध्या फ्यूजचं काम करतोय. त्याच्या जागी ५०० एनएमचा पोलाद बसवलात की पुढचा कमजोर दुवा डिफरन्शियल. म्हणून क्लच टॉर्कपेक्षा २०-२५ टक्के सवड ठेवून घ्या, दुप्पट नको. के०४ जेव्हा येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरवून रिव्हेटांच्या जागी बोल्ट किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घालावंच लागेल. क्लचची जड प्लेट त्याच वेळी टाका, लेबर एकदाच.

कोल्हापुरी टर्बो

हे रिव्हेटचं माहीत नव्हतं. मी शब्द मागे घेत नाही, पण रोजच्या गाडीला तीन नंबर नको हे मान्य. बाकी कधी ऑटोक्रॉसला या, एस्टीममध्ये बसवतो. दात घट्ट मिटून बसायचं.

खटपट्या

अवांतर: आरटीओवाला पकडेल का? की विमा कंपनी?

मनीमाऊ

क्लच आरसी बुकात लिहिलेला नसतो खटपट्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवरच्या नोंदी बदलतील अशा फेरफारांवर आहे. रिमॅपबद्दल मात्र विमा कंपनीला विचारून ठेवलेलं बरं. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर डाउनपाइपकडे बघून जी मान हलवतो ना, ती मी बघितली आहे.

आरएस_वेडा, एक सांगते. दोन नंबर टाकायच्या आधी कुणाची तरी तशी गाडी चालवून बघा. ती न्यूट्रलची खडखड काही जणांना अजिबात सोसत नाही. माझ्या नवऱ्याला नाही सोसत. म्हणून आमच्याकडे अजून डीएमएफ.

आरएस_वेडा

ताई, चांगली सूचना. पिंपरीत एकाची जी६०वाली सापडली, काल फेरी मारली. आवाज आहे. जुन्या डिझेल रिक्षाच्या गिअरबॉक्ससारखा नाही, पण आहे. एसी चालू असला, काचा वर असल्या की जेमतेम. पायडल माझ्यापेक्षा किंचित जड, त्रास नाही. मला चालेल.

ठरलं. जी६० फ्लायव्हील, व्हीआर६ चं ऑरगॅनिक किट, स्प्रिंगवाला हब. गॅरेजवाला जरा नाराज आहे. त्याला कामाची यादी देऊ का काही?

तेलकट हात

द्या. आणि काम चालू असताना तिथे उभे राहा.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच. ते ताणले जाणारे बोल्ट असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. आणि सिंगल मासचे बोल्ट डीएमएफच्या बोल्टपेक्षा लांबीला वेगळे असतात, जुन्या डब्यातले उचलून लावले तर गोंधळ. ६० एनएम आणि वर ९० अंश. टॉर्क रेंच नसेल तर गाडी तिथून परत आणा.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग आणि ते ज्यावर सरकतं ती नळी, सगळं बदला. हे सुटे भाग किटच्या मानाने किरकोळ आहेत. यातलं एक नंतर गेलं तर पूर्ण लेबर पुन्हा.

फ्लायव्हील जुनं असेल तर लेथवर चेहरा घासून सपाट करून घ्या, नवं असेल तर त्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. प्लेटला तेलकट बोट लागू देऊ नका. खाच्यांवर ग्रीस नखाएवढं, जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं. प्लेट मधोमध आणायचं दांडकं वापरा, डोळ्याच्या अंदाजानं नको. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळा.

आणि एक गोष्ट जी चांगली पोरंसुद्धा विसरतात: गिअरबॉक्स वर चढवताना त्याचं वजन प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही. इनपुट शाफ्ट अर्धा आत गेला आणि पोरगा बोल्ट आणायला गेला, तेवढ्यात हब वाकतो. मग पायडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स किरकिरत पडतो आणि सगळे हायड्रॉलिकला दोष देत बसतात.

गिअर तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. काउंटरवर जीएल-५ गळ्यात मारतील, त्यातली काही तेलं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. क्लचच्या लाइनमधली हवा काढा. तुमच्या गाडीत क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डब्यातून जातं, ते किती वर्षांपूर्वी बदललंय तेही बघून घ्या.

श्टुटगार्टकर

काकांच्या यादीला +१. बसवल्यावर पहिले ८०० किमी शहरात फिरवा, भरपूर गिअर बदला, पण पूर्ण थ्रॉटल आणि लाँच नाही. हायवेवर ८०० किमी मोजू नका. पुणे-बंगळूर एका दमात गेलात तर क्लच जेमतेम दहा-वीस वेळा दाबला जाईल, प्लेट बसणारच नाही. हिंजवडी इथे पहिल्यांदा कामाला येईल.

आरएस_वेडा

बसवून झाला. काका म्हणाले म्हणून दिवसभर स्टुलावर बसून होतो, दोन चहा आणि एक वडापाव गॅरेजच्या खात्यावर.

जुनी प्लेट काढली तेव्हा अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलेलं, काचेसारखं चकचकीत. प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग. डीएमएफच्या दोन चकत्या हातानं हलवल्या तर नुसती ढिली फिरत होती, स्प्रिंग जागेवर येतच नव्हती. म्हणजे पर्याय एकमध्येही नुसतं किट टाकून भागलं नसतं. मागचं सील कोरडं होतं, तरी बदललं. नळीवर बेअरिंगनं खाच पाडली होती, तीही बदलली.

आता: न्यूट्रलला खडखड आहे, पहिल्या दिवशी तीनदा उतरून बॉनेट उघडलं. पहिल्या गिअरला निघताना सकाळी थंड असताना किंचित थरथर होते, दोन किलोमीटरनंतर जाते. गिअर बदलताना आरपीएम आधीपेक्षा पटकन पडतात, त्यामुळे दुसरा-तिसरा जरा घाईनं टाकावा लागतो. ८०० किमी व्हायचेत अजून. लॉग तेव्हा टाकतो.

तेलकट हात

थंडीतली थरथर प्लेट बसली की बहुतेक जाते. गरम झाल्यावरही राहिली तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा. वीस वर्षांची गाडी आहे, रबरं गेलेली असतात आणि नाव क्लचचं होतं.

आरएस_वेडा

८०० झाले. थरथर गेली. कालचा लॉग, चौथा गिअर, पूर्ण थ्रॉटल:

३००० ला ८६.
३१४० ला ९०.
३४९० ला १००.
४१८० ला १२०.

कोल्हापुरी टर्बो

एक घर पण हललं नाही की! नाद खुळा. पार्टी कुठे?

मनीमाऊ

आणि के०४ चं वहिनींना सांगितलं का?

आरएस_वेडा

ताई, धागा तांत्रिक आहे.

वऱ्हाडी गडी

अभिनंदन भाऊ. काका, माझ्या मेव्हण्याची डीएसजीवाली (ऑटोमॅटिक) पोलो आहे. तिले बी असाच क्लच टाकता येते काय?

तेलकट हात

त्यात कोरडे दोन क्लच आणि वर ते चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट. वऱ्हाडी भाऊ, नवीन धागा काढा. गाडीचं वर्ष, किलोमीटर आणि फॉल्ट कोड टाका, येतो तिकडे.